आधी पाणी, मग मंडप

महाळुंग-श्रीपूर नगरपंचायतीची पहिली निवडणूक २०२१-२२ च्या हिवाळ्यात झाली. तेव्हा एक उमेदवार आमच्या दारी आले व म्हणाले, "वहिनी, तुमच्यासाठी पहिले काम कोणते करू?" मी चटकन म्हणाले, "मंडळाला हळदीकुंकवासाठी एक सभामंडप बांधून द्या." शेजारच्या काकू डोक्यावर हंडा घेऊन तेथून चालल्या होत्या. त्या थांबल्या व एवढेच म्हणाल्या, "अगं, आधी पाण्याचं सांग. मागची गटारही तुंबलीय." मी ओशाळले. ती ओशाळ अजून गेलेली नाही, म्हणून हा लेख.

'आधी काय?' हा प्रश्न जुना आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी खर्च करावा, असा ठराव आला, तेव्हा जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या मंडईवरील भारी खर्चही त्यांना मान्य नव्हता. ती मंडई १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने उघडली आणि पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळाले! मंडई काही वाईट नव्हती. पण हाती पैसा थोडा असताना तो आधी कोणाच्या उपयोगी पडावा, हा जोतीरावांचा सवाल होता.

त्या काळी अशा सभागृहात स्त्रीला जागा नव्हती. मुंबईत १९२३ मध्ये अवंतिकाबाई गोखले महापालिकेच्या सभासद झाल्या. त्यांनी परिचर्येचे शिक्षण घेतले होते आणि १९१८ मध्ये हिंद महिला समाज स्थापिला होता. म्हणजे आधी स्त्रियांचे मंडळ, मग महापालिका. आपल्यासारख्यांनी हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या.

आपले श्रीपूर साखर कारखान्याभोवती वाढले. अशा गावाला नगरपंचायत मिळाली म्हणजे नगरसेवकाने करायचे काय? १९६५ च्या कायद्याने ते सांगून ठेवले आहे. पाणी, गटारे, झाडलोट, रस्त्यावरचे दिवे, स्मशान, जन्ममृत्यूची नोंद ही आवश्यक कर्तव्ये. बागा, वाचनालये, सभागृहे ही ऐच्छिक. काकूंनी कायदा वाचला नव्हता. पण त्यांचा क्रम कायद्याचाच होता.

मला मंडप नको असे नाही. मंडळाच्या भगिनींना बसायला जागा हवीच. पण ज्या घरची बाई पहाटे पाण्यासाठी उठते, ती दुपारी मंडपात येणार कशी?

म्हणून माझी एक सूचना आहे. वर्धापनदिनानंतर आपण गल्लीगल्लीतून फिरू व कोणाकडे पाणी येत नाही, कोठे दिवा नाही, कोठे गटार तुंबते, ते एका वहीत लिहू. ती वही आपल्या नगरसेवकांपुढे ठेवू, आणि वर्षाअखेरीस तीच वही पुन्हा उघडू. पहिली ओळ काकूंच्या गल्लीची असावी. ती मी स्वतः लिहीन.