नायकाची परतवाट

कादंबरीचा नायक संकटासमोर बंडखोर ठरतो की निष्क्रिय, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फार चघळला. त्यातून नायकाचा स्वभाव कळतो, पण त्याची कोंडी कळत नाही. त्याआधी पाहायला हवे ते हे, की नायकाला माघारी फिरायला जागा उरली आहे का. मन आणि समाज या दोन्ही ठिकाणची घडी विस्कटते तेव्हा तो काय करतो, हे बहुधा या जागेवरून ठरते.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (1939) चक्रधर विध्वंस युरोपातून बोटीने परततो आहे. प्रेमभंगाने तो कडवट झाला आहे, स्त्रीजातीवरचा त्याचा विश्वास उडाला आहे. त्याच बोटीवर नाझी जर्मनीतून हुसकावलेले ज्यू निर्वासित पूर्वेकडे निघाले आहेत, आणि त्यांत हॅर्टा ही तरुणी आहे. दोघे प्रेमात पडतात. चक्रधरचे दुःख खोटे नाही. पण त्याच्यासाठी मुंबई आहे. तो तिथे उतरतो. हॅर्टाला उतरता येत नाही, आणि पुढे ती समुद्रात जीव देते. त्याचा कडवटपणा ही सवलत होती, हे कळायला त्याला तिची किंमत मोजावी लागते. म्हणूनच ही मला निव्वळ प्रेमकथा वाटत नाही.

भालचंद्र नेमाडेंच्या ‘कोसला’त (1963) समाजावर कुठलेही मोठे संकट कोसळत नाही. पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो. वसतिगृह, मेस, मंडळे, परीक्षा यांतला पोकळपणा त्याला दिसतो आणि तो सगळ्याची टर उडवतो. आजच्या काळाकडे भविष्यातल्या इतिहासकाराच्या नजरेने बघण्याची त्याची युक्ती याच टवाळखोरीतली. जग निरर्थक आहे, हे आपणच आधी म्हणून टाकले की जगाला दुखवता येत नाही, असा त्याचा हिशेब. धाकटी बहीण मनी देवी येऊन मरते तेव्हा हा हिशेब कोलमडतो. तिरकसपणाच्या आवाक्याबाहेरचे हे मरण आहे. नेमाडे त्याला तत्त्वज्ञानाचे ठिगळ लावत नाहीत, हे त्यांचे थोरपण. शेवटी पांडुरंग गावी परततो. वडिलांशी पटत नसले तरी घर शाबूत आहे, आणि पुण्यातल्या त्याच्या तुटलेपणाला त्या घराचा छुपा आधार होता, हे वाचकाच्या उशिरा ध्यानात येते.

सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’पर्यंत (2002) हा आधारच मोडतो. विदर्भातला एकनाथ शिकलेला आहे, नोकरी नाही, म्हणून शेतीत आहे. आणि शेती कर्जात आहे. पांडुरंग ज्या घरी परतला, तसल्याच घरात हा रोज सकाळी उठतो. नोकरी लावायची तर पैसा हवा, पैसा उभा करायचा तर जमीन विकावी लागेल. भावाशी, बायकोशी होणारे खटके वरवर खाजगी वाटतात, पण त्यांच्या मुळाशी शेतमालाचा भावच असतो. इथे वैयक्तिक आणि सामाजिक असे दोन रकाने पाडताच येत नाहीत. थट्टेलाही थोडे अंतर लागते. एकनाथपाशी ते नाही. त्याच्या वाट्याला उरतो तो चिडका, रोजचा हिशेब.