प्रेरणा पुरे, ग्रंथालय कुठे आहे?

पेण किंवा रोह्याच्या एखाद्या शाळेत बालसाहित्यिक येतात. पुष्पगुच्छ होतो, दोन गोष्टी होतात, आणि शेवटी ठरलेला उपदेश : मुलांनो, वाचा आणि लिहा. असे कार्यक्रम जरूर व्हावेत. आमचा प्रश्न एवढाच आहे की पाहुणे गेल्यावर मुलांच्या हातात काय उरते?

हा प्रश्न जुना आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षी 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला. 'ज्ञानोदय'ने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला. तिने फुलांवर, पाखरांवर लिहिले नाही. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असे तिने विचारले. डोक्यावर छप्परही नसताना बाळंत होणाऱ्या आयाबहिणींची वेदना मांडली, आणि आपल्या माणसांना शिकण्याची हाक दिली. एक आठवण आजही सांगितली जाते : मेजर कँडी यांनी कौतुकाने खाऊ दिला, तेव्हा मुक्ताने खाऊऐवजी ग्रंथालय मागितले. पाहुण्याकडे काय मागायचे, हे त्या मुलीला नेमके कळले होते.

दुसरे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातले. रायगड तेव्हा कुलाबा होता. महाडजवळच्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे परीक्षेत चमकले, पण महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. त्या शाळकरी पोराने रडत बसण्याऐवजी लेखणी उचलली. अन्यायाची हकीकत वर्तमानपत्रात छापून आली आणि शाळेला दार उघडावे लागले. आत घेतले, तरी बसवले मात्र वेगळेच. हेच आर. बी. मोरे पुढे १९ व २० मार्च १९२७ च्या महाड परिषदेचे प्रमुख संघटक झाले. चवदार तळ्याच्या लढ्यामागे एका मुलाचे ते लिखाणही उभे आहे, हे आपण विसरतो.

मित्रांनो, या दोघांना लिहिण्यासाठी विषय सुचवावा लागला नव्हता. विषय त्यांच्या जगण्यातच होता. मुक्ताला शिकवणारी शाळा मिळाली, दोघांनाही छापणारे वर्तमानपत्र मिळाले. आपल्या मुलांत प्रतिभा नाही, हा प्रस्थापितांचा कांगावा आहे. कमतरता आहे ती पुस्तकांची, वेळेची आणि ऐकणाऱ्या कानांची.

आज पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांकडे पाहा. दिवाळी सरली की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर निघतात. त्यांच्यासोबत पोरेही जातात. शाळेत लेखक येतो त्या दिवशी ही पोरे पटावर असतात, वर्गात नसतात. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे सर्वाधिक आहे, तीच गैरहजर!

मुक्ताची मागणी आता कायद्यात आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीची पुस्तकेही हवीत, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ही कुणाची मेहेरबानी नाही, हक्क आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या शाळेत जावे. ग्रंथालय आहे का? कपाटाला कुलूप आहे की ते मुलांसाठी उघडे आहे? पुस्तके शेवटची कधी घेतली? हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारावे. बालसाहित्यिकांनाही आमची विनंती आहे : तुमची गोष्ट जरूर सांगा, पण मुक्ताची आणि मोरेंचीही सांगा. आणि एक तास गप्प बसून मुलांचे ऐका. वाडीवरच्या, भट्टीवरच्या मुलाने आपल्या बोलीत चार ओळी लिहिल्या, तर त्याची भाषा सुधारण्याआधी त्याचे म्हणणे समजून घ्या.

हार-तुरे संध्याकाळी सुकतात. उघडे कपाट वर्षभर पुरते.

जय भीम!