ओलाव्याचा आंकडा

पावसाळ्यांत डब्यांतला पापड सादळला, म्हणजे हवेंत ओलावा वाढल्याचें घरांत कोणाला सांगावें लागत नाहीं. पण तो किती वाढला, हा प्रश्न निराळा. उष्णतामापक सतराव्या शतकांतच शास्त्रज्ञांच्या हातीं आला होता. हवेंतील अदृश्य वाफ मात्र भरंवशाच्या मोजमापांत पुष्कळ उशिरां सांपडली. आणि तिचा आंकडा हातीं आल्यावर तो कोणाच्या हितासाठीं वापरावयाचा, हा वाद प्रयोगशाळेच्या बाहेर, कापडाच्या गिरण्यांत, माजला.

जिनीव्हाचे होरेस बेनेडिक्ट द सोस्यूर यांनीं १७८३ सालीं आर्द्रतेच्या मापनावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या यंत्राचा प्राण होता मनुष्याचा केस. केसाचा तेलकटपणा सोड्याच्या पाण्यांत उकळून काढला, म्हणजे तो ओल्या हवेंत लांबतो व कोरड्या हवेंत आखडतो. ही वाढ शेंकडा दोन-अडीचच असते. पण केसाला जोडलेला कांटा ती मोठी करून दाखवी. पुढें १८२५ च्या सुमारास बर्लिनच्या एर्न्स्ट ऑगस्ट यांनीं दुसरी युक्ति प्रचारांत आणली. दोन उष्णतामापक शेजारीं ठेवावयाचे व एकाच्या टोंकाला ओलें फडकें गुंडाळावयाचें. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें ओल्या मापकाचा पारा खालीं उतरतो. हवा कोरडी असेल तर दोहोंतील अंतर मोठें. हवा दमट असेल तर थोडें. या अंतरावरून कोष्टकाच्या साह्यानें आर्द्रता शेंकडा किती, हें सांगतां येतें.

ही साधी जोडी लँकेशायरच्या गिरण्यांत साक्षीदार म्हणून उभी राहिली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत तिकडचा कापूस दुर्मिळ झाला, आणि मुंबई बंदरांतून जाणाऱ्या आंखूड धाग्याच्या 'सुरती' कापसावर तेथील मागांना भिस्त ठेवावी लागली. हें सूत वारंवार तुटे; म्हणून त्याला चिनी मातीची जाड खळ देण्याची चाल बळावली. अशी खळ कोरड्या हवेंत ठिसूळ होते. तिला मऊ ठेवण्यासाठीं मालकांनीं मागांच्या दालनांत वाफ सोडण्यास आरंभ केला. सूत सांवरलें, पण विणकर दिवसभर वाफेंत भिजून संध्याकाळीं ओल्या कपड्यांनीं बाहेरच्या थंडींत पडूं लागले. वाफ बंद करा, अशी त्यांच्या संघांची मागणी होती. १८८९ च्या ब्रिटिश कायद्यानें ती बंद केली नाहीं. तिला मर्यादा घातली. दालनांत ओल्या व कोरड्या मापकांची जोडी टांगणें, ठराविक वेळीं आंकडे टिपणें, हें मालकांवर बंधनकारक झालें. दालनाच्या उष्णतेप्रमाणें परवानगीची टक्केवारी ठरविणारें कोष्टकच कायद्याला जोडलें होतें.

मापक बोले, पण हुकूम करूं शकत नसे. तें सामर्थ्य विजेनें दिलें. १९७३ सालीं फिनलंडच्या वायसाला कंपनीनें नव्या तऱ्हेचा संवेदक पुढें आणला. त्यांत ओलावा शोषणारा अतिपातळ पापुद्रा असतो. ओलावा मुरला कीं त्याची विद्युत् सांठविण्याची शक्ति वाढते, व ती मोजून आर्द्रता कळते. आज अशा संवेदकाची तळहाताएवढी पेटी मिळते. तिच्या आंत येणाऱ्या तारेनें 'होय' किंवा 'नाहीं' एवढीच बातमी येते: खिडकी उघडी आहे कीं नाहीं, पंखा चालू आहे कीं नाहीं. बाहेर जाणाऱ्या तारेनें तितकाच त्रोटक हुकूम सुटतो: पंखा लाव, पंखा थांबव.

परंतु हा हुकूम आधीं मनुष्यानें ठरवून द्यावा लागतो. समजा, आर्द्रता शेंकडा ७० झाली कीं पंखा लागावा असें ठरविलें. तो ७० लाच थांबावा असेंही सांगितलें, तर आंकडा तेथें घुटमळतांच पंखा क्षणोक्षणीं चालूबंद होत राहील. म्हणून थांबण्याची मर्यादा ६५ वर ठेवतात. पेटी पंख्याच्या झोतांतच बसविली तर ती खोलीची खरी स्थिति सांगत नाहीं. संवेदकाची तार तुटून बातमी येईनाशी झाली, तर पंखा चालू ठेवावा कीं बंद करावा, हेंही आधींच सांगून ठेवावें लागतें.

लँकेशायरच्या भिंतीवरील पारा पाहून वाफेचा नळ फिरविणें मनुष्याच्या हातीं होतें. आतां तें काम पेटी करते. पण ७० कीं ८०, हें पेटी ठरवीत नाहीं. ती मर्यादा सुताकडे पाहून ठरवावी कीं सुताजवळ उभ्या असलेल्या मनुष्याच्या श्वासाकडे पाहून, हा १८८९ सालचा प्रश्न आंकडा भरणाऱ्यापुढें आजही तसाच उभा राहतो.