इंझोरीच्या रस्त्यावरचा अपघात सरकारी नकाशावर कसा पोहोचतो? आयरॅड, ई-डार आणि ब्लॅक स्पॉट सोप्या भाषेत

वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं इंझोरी गाव घ्या. इथला माणूस मानोऱ्याला नाहीतर कारंज्याला जातो तो बहुतेक वेळा दुचाकीवर. संध्याकाळ झाली की रस्त्यावर सोयाबीन किंवा कापूस भरलेली ट्रॉली असते, मागे लाल दिवा नसतो, आणि कधी रोह्यांचा कळप आडवा येतो. अशा रस्त्यावर अपघात झाला की दोन दिवस गावात चर्चा होते. पण प्रश्न वेगळा आहे. त्या अपघाताची नोंद नेमकी कुठे जाते? आणि त्या नोंदीमुळे तो रस्ता कधी सुधारतो का?

आधी आकडे बघूया

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ लोक गेले. महाराष्ट्रातले मृत्यू होते १५,२२४. देशभरातल्या मृत्यूंपैकी साधारण ६८ टक्के ग्रामीण भागातले. म्हणजे ट्रॅफिक जॅम शहरात असतो, पण माणसं जास्त मरतात ती मोकळ्या रस्त्यावर. मृतांमध्ये दुचाकीवरचे ४४.५ टक्के होते, आणि हेल्मेट न घातलेले ५०,०२९.

इथे एक व्याख्या लक्षात ठेवा. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत माणूस दगावला, तर तो मृत्यू रस्ते अपघाताचा धरला जातो. त्यामुळे दवाखान्याकडून माहिती वेळेवर परत आली नाही, तर 'जखमी' म्हणून झालेली नोंद तशीच राहू शकते.

आयरॅड म्हणजे काय?

आयरॅड म्हणजे देशातल्या रस्ते अपघातांचा एकत्रित डेटाबेस. तो आयआयटी मद्रासने विकसित केला आणि एनआयसी राबवते. सुरुवातीला निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. त्याचं काम असं चालतं:

१. पोलीस कर्मचारी घटनास्थळी मोबाइल ॲप उघडतो. जीपीएसवरून जागा घेतली जाते, फोटो-व्हिडिओ जोडले जातात.
२. गाडीचा नंबर टाकला (वाशिमची असेल तर एमएच-३७) की वाहनाची माहिती 'वाहन' प्रणालीतून आणि लायसन्सची 'सारथी'तून येते.
३. प्रत्येक अपघाताला एक स्वतंत्र क्रमांक मिळतो.
४. त्याच नोंदीत आरटीओचा निरीक्षक गाडीची तपासणी, रस्ते विभागाचा अभियंता रस्त्याची स्थिती आणि दवाखाना जखमांची माहिती भरतो.

याचाच पुढचा भाग म्हणजे ई-डार, सविस्तर अपघात अहवालाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. विमा कंपनीलाही ही माहिती जाते. म्हणजे घरच्यांना मिळणारी भरपाई थेट या नोंदीशी जोडलेली आहे.

ब्लॅक स्पॉट कसा ठरतो?

राष्ट्रीय महामार्गांसाठी नियम असा: सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० मृत्यू झाले, तर तो ब्लॅक स्पॉट. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर रस्त्यावरून ५०० मीटरची खिडकी पुढे सरकवत जायची आणि आतले ठिपके मोजायचे.

आता यातली अडचण बघा. समजा एखाद्या १२ किलोमीटरच्या गावरस्त्यावर तीन वर्षांत सहा जण गेले, पण प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी. कोणी वळणावर, कोणी पुलावर, कोणी उभ्या ट्रॉलीवर आदळून. कुठल्याच खिडकीत ५ ठिपके येत नाहीत. सहा घरं उघडी पडली तरी या हिशेबात ब्लॅक स्पॉट शून्य! सॉफ्टवेअर चुकलेलं नाही. कमी वर्दळीच्या रस्त्याला ही मोजपट्टीच अपुरी पडते.

दुसरी अडचण डेटाची. नोंद जागेवर न करता ठाण्यात बसून केली आणि जागा हाताने दुरुस्त केली नाही, तर ठिपका ठाण्यावरच पडतो. मी कामात रोज लोकेशन डेटा बघतो. चुकीचा ठिपका हा नसलेल्या ठिपक्यापेक्षा वाईट, कारण तो खरा वाटतो.

अपघात होण्याआधीच धोका ओळखता येतो का?

हो. दोन पद्धती वापरात आहेत.

*रस्त्याला स्टार रेटिंग:* आयरॅप या आंतरराष्ट्रीय पद्धतीत रस्त्याचे १०० मीटरचे तुकडे करून वळण, साइडपट्टी, कडेची झाडं, पादचाऱ्यांची सोय अशा गोष्टी तपासतात आणि १ ते ५ स्टार देतात. यासाठी आधी कोणी मरावं लागत नाही.

*ग्रे स्पॉट:* आपल्या विदर्भातलंच उदाहरण. नागपुरात २०२१ मध्ये आयरास्ते प्रकल्प सुरू झाला. शहर बसांत कॅमेऱ्यावर चालणारी इशारा यंत्रणा बसवली. समोरच्या गाडीशी टक्कर होता होता वाचली की ड्रायव्हरला इशारा मिळतो आणि जागेची नोंद होते. असे इशारे जिथे वारंवार येतात तो ग्रे स्पॉट, म्हणजे उद्याचा संभाव्य ब्लॅक स्पॉट.

इंझोरीसारख्या गावात हे कॅमेरे नसले तरी कल्पना उचलता येते. 'इथे थोडक्यात वाचलो' अशा जागा गावाला तोंडपाठ असतात. त्या लोकेशनसह लिहून ग्रामसभेच्या ठरावाने रस्ते विभागाला देता येतात.

वेगाचं साधं गणित

समोर धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरा, रस्ता कोरडा आणि ब्रेक ठीक. ताशी ६० ला गाडी थांबायला सुमारे ५३ मीटर लागतात, ताशी ८० ला सुमारे ८३ मीटर. वेग वाढला एक तृतीयांश, पण अंतर दीडपटीहून जास्त. दुचाकीच्या लो बीममध्ये एवढं लांबचं दिसत नाही. म्हणून ट्रॉलीच्या मागे लावलेली रिफ्लेक्टर पट्टी हे या रस्त्यावरचं सगळ्यात स्वस्त तंत्रज्ञान आहे.

अपघात दिसला तर काय करायचं?

- १०८ किंवा ११२ लावा. 'रस्त्यावर आहे' असं सांगू नका. मॅप उघडून अक्षांश-रेखांश वाचा, किंवा जवळचा किलोमीटरचा दगड आणि गावाचं नाव सांगा.
- मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे (मोटार वाहन कायदा, कलम १३४ अ). नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही.
- मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत मान्यताप्राप्त दवाखान्यात अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत. दाखल करतानाच विचारा.
- धडक देऊन गाडी पळून गेली असेल तरी भरपाई आहे: मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये.
- एफआयआरची प्रत घ्या आणि त्यात जागा बरोबर लिहिली आहे का ते तपासा. किलोमीटर, दिशा, जवळची खूण. चूक असेल तर लेखी अर्ज द्या.

शेवटचा मुद्दा दुःखाच्या वेळी कोणाला सुचत नाही, म्हणून तो गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराने आपल्याकडे घ्यावा. त्या एका ओळीवर घरच्यांचा दावा अवलंबून असतो, आणि तेच वळण पुढच्या माणसासाठी दुरुस्त होणार की नाही हेही.