पूल, रेशीम आणि सीमा: स्विलेनग्रादची गोष्ट

बल्गेरियाच्या आग्नेय टोकाला, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्या सीमांना लागून, मारित्सा नदीकाठी स्विलेनग्राद हे छोटे शहर वसले आहे. मारित्सालाच पुढे तुर्क मेरिच म्हणतात आणि ग्रीक एव्रोस. तुर्कांच्या अमलात शहराचे नाव जिस्र-इ मुस्तफा पाशा, म्हणजे मुस्तफा पाशाचा पूल असे होते. बोलताना लोक नुसते मुस्तफा पाशा म्हणत.

आधी पूल आणि मग गाव, असा इथला क्रम. सुलतान सुलेमानचा वजीर मुस्तफा पाशा याने १५२८-२९ मध्ये इस्तंबूल ते बेलग्रेड या राजमार्गावर नदीवर दगडी पूल बांधला. लांबी सुमारे ३०० मीटर, खाली कमानींची रांग. पुलाचे श्रेय अनेकदा प्रख्यात वास्तुकार सिनान याला दिले जाते. पण सिनान दरबाराचा मुख्य वास्तुकार झाला तो आणखी दहाएक वर्षांनी, त्यामुळे हा दावा जपूनच घ्यावा. सुलतानाने पूल विकत मागितला. धर्मार्थ बांधलेला पूल विकता येईना आणि सुलतानाला नाही म्हणता येईना, म्हणून पाशाने विष घेतले, अशी दंतकथा गावात सांगतात. पाशा १५२९ मध्ये वारला, एवढे खरे.

पूल झाल्यावर वाटसरू थांबू लागले, त्यांच्या मुक्कामाची सोय झाली, बाजार भरू लागला. पोटापाण्याचा मोठा आधार मात्र तुतीच्या झाडाने दिला. वसंतात घरातली खोली रेशीमकिड्यांसाठी मोकळी करायची, फळ्यांवर अळ्या पसरायच्या आणि दिवसातून अनेकदा ताजा पाला घालायचा. पाला ओला चालत नाही, खोलीत गारठा चालत नाही. चार वेळा कात टाकून महिनाभरात अळी कोष विणते. पतंग कोष फोडून बाहेर पडला तर धागा तुटतो, म्हणून त्याआधीच कोषाला वाफ द्यावी लागते. मग कोष गरम पाण्यात सोडून अखंड धागा उकलतात. हे काम बहुतेक घरच्यांच्याच हातचे. याच पट्ट्यात, आज ग्रीसमध्ये असलेले सूफली गावही रेशमावरच वाढले.

१८७३ मध्ये इस्तंबूलहून एदिर्नेमार्गे प्लोव्हदिव्हकडे लोहमार्ग आला. १८७८ च्या बर्लिन तहानंतर गाव तुर्कांकडेच राहिले, पण नवी हद्द जवळ येऊन ठेपली आणि मुस्तफा पाशा सीमेवरचे स्थानक झाले. ऑक्टोबर १९१२ मध्ये पहिले बाल्कन युद्ध सुरू होताच बल्गेरियन सैन्याने पूल शाबूत असतानाच गाव घेतले. एदिर्नेच्या वेढ्याच्या काळात परदेशी वार्ताहरांचा तळ इथेच पडला होता आणि वेढ्यातल्या शहरावर टेहळणीला जाणारी बल्गेरियन विमाने गावाजवळूनच उडत. १९१३ च्या उन्हाळ्यात तुर्क परतले आणि गाव जळाले. त्या वर्षीच्या तहाने ते कायमचे बल्गेरियाकडे आले. पूर्व थ्रेसमधून हाकललेले बल्गेरियन निर्वासित इथे स्थिरावले आणि पाशाचे नाव पुसून शहर स्विलेनग्राद, म्हणजे रेशीमनगर, झाले.

नव्या सीमांनी रेल्वेचे विचित्र हाल केले. इस्तंबूलची गाडी तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये, परत तुर्कस्तानात, पुन्हा ग्रीसमध्ये आणि मग स्विलेनग्रादला अशी जाई. तुर्कस्तान आणि ग्रीसने आपापला स्वतंत्र मार्ग टाकल्यावर, १९७१ मध्ये हा वळसा संपला.

कृत्रिम धाग्यापुढे रेशीम टिकले नाही. आज शहर सीमेवर जगते. जवळचे कापितान आंद्रेएव्हो हे तुर्कस्तान आणि युरोप यांच्यातले अत्यंत वर्दळीचे नाके असून तिथे मालट्रकांच्या लांबच लांब रांगा लागतात. तुर्कस्तानने १९९८ मध्ये कॅसिनो बंद केल्यापासून तिथले जुगारी सीमा ओलांडून इकडे येतात. बल्गेरिया २००७ मध्ये युरोपीय संघात आला आणि २०२५ च्या जानेवारीपासून ग्रीसच्या बाजूची नेहमीची पारपत्र तपासणीही थांबली. शहराच्या नावात रेशीम उरले आहे. पाशाचा पूल मात्र अजून वापरात आहे.