एका तारेवर दोन हाका

कळ दाबली, की कळफलक प्रोसेसरला हातचे काम थांबवायला सांगतो. या हाकेला आपण व्यत्यय-संकेत म्हणू. १९८१ च्या आयबीएम पीसीत अशा संकेतांसाठी ८ तारा होत्या. १९८४ च्या पीसी-एटीत दुसरी नियंत्रक चिप आली. तिला जोडण्यात एक तार गेली आणि १५ उरल्या.

त्या खरोखरच अपुऱ्या होत्या का? माउस कॉम-१ वर आणि मोडेम कॉम-३ वर असला, तर दोघांचा रूढ क्रमांक एकच, ४. या आयएसए यंत्रणेत विद्युतदाब चढण्याचा क्षणच नोंदला जाई. एकाने दाब वर धरला असताना दुसऱ्याची हाक हरवे. मग लिनक्स वापरणारे आपण काय करत असू? प्रॉक-इंटरप्ट्स ही यादी वाचून मोकळा क्रमांक शोधायचा, कार्डावरचा जंपर हलवायचा आणि सेटसिरियल आज्ञेने तोच क्रमांक ड्रायव्हरला कळवायचा.

१९९२ च्या पीसीआयने चढण्याचा क्षण सोडून टिकणारी पातळी पाहिली. दखल घेतली जाईपर्यंत हाक चालूच राहते. प्रत्येक ड्रायव्हर आपले यंत्र तपासतो. म्हणजे तुटवडा तारांचा होता, तसाच हाक ऐकण्याच्या रीतीचाही होता.