रुग्णालयातच येणारा पक्षाघात

पक्षाघाताचा झटका आलेल्या रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु दुसऱ्याच आजारासाठी दाखल असलेल्या रुग्णाला खाटेवरच हा झटका आला तर? पक्षाघाताच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे ४ ते १७ टक्के रुग्ण या प्रकारात मोडतात. डॉक्टर, परिचारिका आणि सीटी स्कॅन हाताशी असल्याने त्यांना उपचार लवकर मिळत असतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बाहेरून आणलेल्या रुग्णांपेक्षा त्यांचे निदान अनेकदा उशिरा होते आणि परिणामही अधिक गंभीर होतात.

कारणे कोणती?

असे बहुतांश झटके मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाल्यामुळे येतात. काही रक्तस्रावामुळे येतात. हृदयाची किंवा मानेतील रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया, अँजिओग्राफी, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, रक्तदाब एकाएकी घसरणे, जंतुसंसर्ग आणि कर्करोग ही धोका वाढवणारी प्रमुख कारणे होत. शस्त्रक्रियेपूर्वी रक्त पातळ करणारी औषधे थांबवावी लागतात, त्या काळातही गुठळी होण्याचा संभव असतो.

निदानास विलंब का?

भुलीचा अंमल, झोपेची औषधे किंवा तापातील भ्रम यांच्या आड पक्षाघाताची लक्षणे दडून जातात. रुग्ण बोलत नाही, कारण तो गुंगीत आहे. हात हलवत नाही, कारण त्याला अशक्तपणा आहे, असा अर्थ लावला जातो. याउलट, रक्तातील साखर कमी झाल्याने किंवा फीट आल्यानेही अशीच लक्षणे दिसू शकतात. त्यामुळे साखर लगेच तपासणे आवश्यक ठरते. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला होता. यावरून विलंबाची किंमत ध्यानात येते.

उपचार

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मात्र नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णाला त्यामुळे रक्तस्रावाचा धोका असतो. अशा वेळी नळीवाटे गुठळी बाहेर काढण्याचा पर्याय महत्त्वाचा ठरतो. निवडक रुग्णांना त्याचा लाभ २४ तासांपर्यंत होऊ शकतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने दाखवून दिले. सर्व विभागांतील कर्मचाऱ्यांना लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि तातडीचे पथक सज्ज ठेवावे, यावर अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ च्या निवेदनात भर दिला आहे.

नातेवाइकांची जबाबदारी

आपल्याकडे रुग्णाच्या उशाशी बहुधा घरचे माणूस असते. रुग्णाचे नेहमीचे बोलणे आणि चेहरा त्याच्याइतका कोणाला परिचित नसतो. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, दृष्टी जाणे किंवा एकाएकी तोल जाणे यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांच्या पुढील फेरीची वाट न पाहता परिचारिकेला तत्काळ सांगावे. रुग्ण शेवटचा व्यवस्थित केव्हा होता, ती वेळही सांगावी. पुढील उपचार तिच्यावरच ठरतात. गिळण्याची क्रिया बाधित झालेली असू शकते, म्हणून पाणी, चहा किंवा गोळी देऊ नये. शस्त्रक्रियेसाठी थांबवलेली औषधे पुन्हा केव्हा सुरू करायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवणे श्रेयस्कर.